शेवटच्या प्रश्नाला गप्प बसायचं

निवृत्त मास्तरणी एकत्र जमल्या की पेन्शनवर बोलतात, असा लोकांचा समज आहे. आम्ही डी.एड.वर बोलतो. आमच्या बॅचच्या ज्या मालवणच्या आसपास आहेत त्या अधूनमधून कोणाच्या तरी पडवीत जमतात. एकीने एक किस्सा काढला की दुसरीला दोन आठवतात. मग दुपारचा चहा संध्याकाळपर्यंत लांबतो. इतकी वर्षं झाली, तरी किस्से संपत नाहीत, उलट वाढतायत असंच वाटतं.

माझे यजमान आतून ऐकत असतात. एकदा म्हणाले, "एवढ्या हसता, म्हणजे कॉलेजात मजा केलीत तुम्ही." मजा कसली, डोंबल. तेव्हा रडायची सोय नव्हती, म्हणून आता हसतो. आणि खरं सांगायचं तर बाकीच्या हसतात. मी सांगायला बसले की माझा आवाज आपोआप चढतो आणि शेजारीण विचारते, "काय गो सुमा, कोणाबरोबर भांडतंस?"

भांडतेच आहे. समोरचा माणूस कधीच वारला, पण माझं भांडण मिटलेलं नाही.

* * *

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा जिल्हा नुकताच रत्नागिरीपासून वेगळा झाला होता. मालवणात तेव्हा एक अध्यापक विद्यालय होतं. नाव सांगत नाही, कारण तिथे चांगली माणसंही होती आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. मी तळेऱ्याची, त्यामुळे वसतिगृहात राहायचे.

पहिल्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. अभिनंदन नाही, स्वागत नाही. थेट नियम. आणि प्रत्येक नियमाच्या शेवटी एकच वाक्य: "अन्यथा टर्म ग्रँट होणार नाही."

टर्म ग्रँट होणं म्हणजे काय, हे ज्यांनी कॉलेज सुखाने केलं त्यांना कळायचं नाही. वर्षाच्या शेवटी प्राचार्यांनी सही करायची, की या मुलीची हजेरी समाधानकारक, सरावाचे पाठ समाधानकारक, वर्तणूक समाधानकारक. सही झाली तर परीक्षेला बसायचं. नाही झाली तर वर्ष गेलं, मग तुम्ही कितीही हुशार असा. आणि समाधान कोणाचं? तर त्या एका माणसाचं. त्यांचं समाधान होताना मी दोन वर्षांत एकदाच पाहिलं.

उशीर झाला तर टर्म नाही. पाठाला पांढरी साडी नसली तर टर्म नाही. आवारात घरच्यासारखं मालवणी बोललात तर टर्म नाही. यादी काही संपेना. माझ्या शेजारी एक सावळी, काटक मुलगी बसली होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "गो, ह्येंका आमका शिकवूचा आसा काय घराक धाडूचा?"

ती रजनी. तोंडवलीची. वडील बोटीवर खलाशी. वय झाल्यामुळे ते आता कायमचे घरी परतणार होते. आई दम्याने बेजार, पाठीवर दोन भावंडं. वडील घरी येतील त्या सुमाराला रजनीला मास्तरकी लागली पाहिजे, असा त्या घराचा सगळा हिशोब होता. म्हणजे आमच्यासाठी टर्म हे नुसतं एक वर्ष होतं, तिच्यासाठी घरातली चूल होती.

आणि पहिला शेराही तिलाच मिळाला. तेव्हाच. कुजबुजल्याबद्दल.

* * *

रजनी वसतिगृहात राहू शकत नव्हती, आईला सोडून कशी राहणार? रोज खाडी ओलांडायची, मग एस.टी. पकडायची. सकाळी प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की हजेरी, आणि प्रार्थना सुरू होताच फाटक बंद. प्राचार्य विद्यालयाच्याच आवारात राहायचे. त्यांना यायला व्हरांडा ओलांडावा लागे.

एकदा एस.टी. चढावावर बंद पडली. रजनी उतरली आणि पदर खोचून पळत आली. पोहोचली तेव्हा आमची प्रार्थना संपून प्रतिज्ञा सुरू झाली होती. फाटक बंद. ती फाटकाबाहेरच उभी राहिली, उजवा हात पुढे केला आणि आमच्या सुरात सूर मिळवून सगळी प्रतिज्ञा म्हणाली. सारे भारतीय माझे बांधव आहेत, असं गजांच्या पलीकडून म्हणत होती बिचारी.

मला वाटलं, आता तरी माणूस विरघळेल. प्राचार्य सावकाश फाटकाकडे गेले. त्यांनी कुलूप काही काढलं नाही. म्हणाले, "फाटकाबाहेर म्हटलेली प्रतिज्ञा धरली जात नाही."

अशी माणसं मुलांना देशप्रेम शिकवायला शिक्षक तयार करत होती.

दुसऱ्या एका सकाळी ती वेळेत आली, पण साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. वाऱ्याने तर हेलकावत होती, लाटा आत आल्या होत्या. तर म्हणजे आमच्याकडची खाडी ओलांडायची होडी. त्या दिवशी तिचा पाठ होता, त्यामुळे साडी पांढरी, त्यावर चिखलाचे ओघळ. प्राचार्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. शिक्षिकेचा पोशाख हा मुलांपुढे आदर्श असतो, यावर बराच वेळ बोलले. शेवटी विचारलं, "साडी ओली कशी झाली?"

रजनी शुद्ध भाषेत म्हणाली, "सर, खाडी कोरडी नव्हती."

वर्तणूक: उर्मट. तो शेरा तिला इतक्या वेळा मिळाला की आम्ही तिला लाडाने उर्मटबाई म्हणायला लागलो.

* * *

आता मी वसतिगृहाचं सांगते, नाहीतर वाटेल सगळं रजनीवरच बेतलं.

मुलींना भेटायला कोणी यायचं, याची यादी वर्षाच्या सुरुवातीला द्यायची असे. वडील, भाऊ, काका, बस. माझे मामा मुंबईहून गावी आले होते. तळेऱ्याला उतरले आणि माझ्या आईने दिलेलं खटलं, म्हणजे खोबऱ्याच्या वड्या, तांदळाचे लाडू, आमसुलं, घेऊन मालवणला आले. यादीत मामा नव्हते. आमच्या गृहप्रमुख बाईंनी त्यांना उन्हात उभं केलं आणि प्राचार्यांना बोलावलं.

प्राचार्यांनी विचारलं, "तुम्ही हिचे मामा असल्याचा पुरावा काय?"

मामा गिरणीत काम केलेला माणूस. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले, "हिच्या आवशीक इचारा. मी तिचो भाव नसतंय, तर तिणा माका कधीच घराभायर काडल्यान असता."

आम्ही जिन्यात उभ्या होतो. तोंडात पदर कोंबून हसलो. पण मामा माझी भेट न घेताच परत गेले. लाडू गृहप्रमुख बाईंच्या कपाटात राहिले. मला मिळाले तेव्हा ते कडक झाले होते, आणि माझ्या वर्तणुकीपुढे शेरा होता: "अनधिकृत पुरुष भेटीस." माझे मामा! आईला हे मी तिच्या हयातीत सांगितलं नाही. तिने येऊन त्या माणसाची गचांडी धरली असती, आणि मग माझी टर्म गेलीच म्हणून समजा.

* * *

पाठांचं तर विचारूच नका.

तेव्हा सूक्ष्म अध्यापन नावाचं खूळ नवीन होतं. एकेक कौशल्य सुटं सुटं करून दाखवायचं. त्यातलं एक म्हणजे प्रबलन, साध्या भाषेत मुलाला शाबासकी देणं. मागे बसून निरीक्षण करणारे सर कागदावर रेघा मारत, बाईंनी किती वेळा शाबास म्हटलं, किती वेळा मान हलवली, किती वेळा हसल्या. कमी रेघा भरल्या की पाठ पुन्हा.

माझा पाठ चालू होता. मी घाबरलेली. डोक्यात एकच, शाबास म्हणायचं, शाबास म्हणायचं. एका पोराने करंगळी वर केली.

"बाई, एकी."

"शाबास," मी म्हणाले आणि हसून मानही हलवली.

पोरगा उठायला तयार नाही. एवढं कौतुक त्याचं घरी झालं नसेल. त्या पाठाला मला वर्षातला सगळ्यात चांगला शेरा मिळाला: "सहज व समयोचित."

* * *

शैक्षणिक साधनाचा किस्सा आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना पाठ आहे, पण तो रजनीच्या तोंडून ऐकावा.

तिला तिसरीला 'मासा' शिकवायचा होता. आम्ही बाकीच्या कार्डशीटवर मासे रंगवत बसलेल्या. माझ्या माशाला पापण्या होत्या, हे मला नंतर कोणीतरी दाखवलं. रजनीने सकाळी बाजारातून एक ताजा बांगडा आणला, केळीच्या पानावर ठेवला आणि कल्ले उघडून दाखवले. वर्ग टाचा उंचावून बघत होता. पाठ झाल्यावर प्राचार्य म्हणाले, "खरा मासा हे साधन होत नाही. साधन विद्यालयात जमा करावं लागतं. ते टिकाऊ असलं पाहिजे. हे उद्या जमा करता येईल का?"

रजनी म्हणाली, "उद्या नाही, सर. थोडे दिवस द्या."

आम्हाला वाटलं, आता ही चित्र काढेल. थोड्या दिवसांनी ती ऑफिसात गेली आणि त्यांच्या टेबलावर, काचेवर, एक खारवलेला, कडकडीत वाळलेला बांगडा ठेवला.

"सर, हा टिकतो. सगळा पावसाळा टिकतो."

नियमाने तो जमा करून घ्यावा लागला. साधनांच्या कपाटात माझ्या पापणीवाल्या माशाशेजारी तो राहिला, आणि तिथल्या मांजराने नंतर काय केलं ते सांगायची गरज नाही. पण ऐका, हसून झाल्यावर काय झालं तेही ऐका. ते सगळं कपाट, आम्हा सगळ्यांची साधनं बाहेर काढून, रजनीला एकटीला घासायला लावलं. खाडीवरची शेवटची तर चुकली. त्या दिवशी ती आमच्या खोलीत, माझ्या अंथरुणावर झोपली, आणि आईला औषध कोण देईल याचीच तिला काळजी. सकाळी गृहप्रमुख बाईंनी नोंद केली, बाहेरची मुलगी वसतिगृहात आढळली. दोघींनाही शेरा.

* * *

प्राचार्यांबद्दल एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ती आठवली की माझा राग कमी होत नाही, पण जरा वेगळा होतो.

आवारात प्रमाण भाषा, हा त्यांचा सगळ्यात लाडका नियम. 'माका, तुका' तोंडातून निसटलं की शेरा. आम्हाला वाटायचं, हे पुण्याकडचे असतील. बोलणंही तसंच, एकेक शब्द इस्त्री केलेला.

एकदा भर दुपारी एक म्हातारी आवारात आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. अंगणातूनच हाक मारली, "बाबल्या रे! बाबलो खंय आसा?"

आम्ही इकडेतिकडे बघतोय, हा बाबलो कोण. प्राचार्य ऑफिसातून बाहेर आले. चेहरा उतरलेला. आम्ही सगळ्या खिडक्यांतून बघतोय हे त्यांना दिसत होतं. ते तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आई, आपण कार्यालयात बसा. मी आलोच."

म्हातारी त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मेल्या, माका 'आपण' कित्याक म्हणतंस? मी काय तुझो साहेब आसय?"

कोणी हसलं नाही. रजनीसुद्धा नाही. म्हातारी शेंगा तिथेच पायरीवर ठेवून निघून गेली, आणि ते तिला थांबवायला चार पावलं गेले आणि परत फिरले. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच दिवशी एका मुलीने 'खंय' म्हटलं म्हणून त्यांनी तिला शेरा दिला, आणि माझी कीव तिथेच संपली. स्वतःची लाज स्वतः पोसावी, ती आमच्या गळ्यात का?

* * *

आता ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं, तो किस्सा. त्यासाठी एक रीत समजून घ्यावी लागेल.

पाठाची सुरुवात प्रस्तावनेने. मुलांना सोपे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं त्यांना आली पाहिजेत. मग एक शेवटचा प्रश्न, समस्या प्रश्न. त्याचं उत्तर मुलांना येता कामा नये. मुलं गप्प बसली की बाईंनी गोड हसून म्हणायचं, "आज आपण याचाच अभ्यास करणार आहोत." हे झालं हेतुकथन. ते झाल्याशिवाय पाठ पुढे सरकत नाही. आणि चुकून एखाद्या मुलाने त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तर पाठ कोसळला. शेरा: "हेतुकथनास वाव राहिला नाही." पाठ पुन्हा घ्यायचा.

विचार करा. मुलांना येतं, म्हणून बाई नापास.

आमची सरावाची शाळा विद्यालयाच्या मागेच होती. तिथली पोरं वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांचे पाठ सोसून बिलंदर झालेली. तोच धडा त्यांना एका वर्षात अनेकींनी शिकवलेला. त्यांना काय येत नसणार? मग आमच्या आधीच्या बॅचेसनी एक तोड काढली होती. पाठाच्या आधी वर्गाला खाजं वाटायचं, जत्रेत मिळतं तसं, गुळाचं, आलं घातलेलं. आणि सांगून ठेवायचं, शेवटच्या प्रश्नाला गप्प बसायचं. हे सगळ्यांना माहीत होतं. निरीक्षकांनाही. त्यांनीही त्यांच्या काळात खाजं वाटलेलं असणार.

मी पहिल्यांदा त्या वर्गात शिरले, तर पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. इंदू तिचं नाव, चौथीतली, दोन वेण्या, समोरचे दात मोठे. अगदी कामाचं विचारावं तसं तिने विचारलं, "बाई, आज खयच्या प्रश्नाक गप रवाचा?"

मी हसले. खाजंही वाटलं. सगळ्याच वाटायच्या.

रजनी सोडून. तिचे पाठ एकामागून एक कोसळले. ती प्रश्न विचारायची आणि वर्ग उत्तर द्यायचा, आणि ती खुश होऊन म्हणायची, "बरोबर." मागे प्राचार्यांचं पेन चालू. मी तिच्यावर चिडले. म्हटलं, मूठभर खाज्याने काम होतंय, कशाला वर्ष घालवतेस? तुझ्या घरी काय परिस्थिती आहे?

तेव्हा तिने सांगितलं. चौथीपर्यंत ती मालवणात मावशीकडे होती, आणि शाळा होती हीच. हेच बाक. "माका सगळा येय, सुमा. आणि मी खाजा घेवन गप रवलंय. वर्सानुवर्सां. मगे गप रवाची सवयच लागली. पाचवीत मास्तरांनी खरोखर इचारल्यानी, तरी माझ्या तोंडातसून शब्द भायर पडा नाय. त्येंका वाटला, ही ढ आसा." मग ती म्हणाली, "ह्या पोरांका मी गप बसवचंय नाय. टर्म जाव दे."

'टर्म जाव दे' म्हणणं सोपं असतं. पण नंतर ती विहिरीवर एकटीच जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.

वर्ष संपत आलं तेव्हा तिच्या नावापुढे इतके शेरे साठले होते की प्राचार्यांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं. एकच पाठ उरला आहे. जिल्ह्याहून साहेब येतील, त्यांच्यासमोर घ्या. तो समाधानकारक झाला तर मागचं सगळं विसरून सही करतो. नाही झाला तर नाही. हे ते व्हरांड्यातच म्हणाले, आणि सराव शाळेची पोरं तिथेच लगोरी खेळत होती.

आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको: टर्म गेली. रजनीने ते वर्ष पुन्हा केलं. तीच खाडी, तीच पांढरी साडी, नव्या मुलींबरोबर. नंतर ती शिक्षिका झाली, चांगली शिक्षिका झाली, तिच्या वर्गाचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. पण वडील बोट सोडून घरी आले ते त्याच वर्षी. ते वर्ष त्या घराने कसं काढलं, हे ती आमच्या पडवीतल्या हसण्यातसुद्धा कधी सांगत नाही. आणि म्हणूनच मला राग येतो, अजून येतो, आणि यायलाच पाहिजे.

* * *

तर तो पाठ.

चौथीचा वर्ग. विषय दिलेला, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून येतो तो खारा, रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. मालवणात, दांड्यावरच्या, अगदी किनाऱ्यालगत राहणाऱ्या पोरांना हे शिकवायचं होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांचे बाप त्या मतलईवर शीड लावूनच पहाटे बाहेर पडायचे. हा विषय कोणी निवडला, हे मी सांगायला नको.

मागे दोन खुर्च्या. एकीवर प्राचार्य, दुसरीवर साहेब. साहेब घाटावरचे, वयस्कर, शांत. आम्ही तिच्या बॅचच्या मुली भिंतीला लागून उभ्या. आम्ही कोणीही खाजं वाटलेलं नव्हतं, देवीची शपथ. रजनीने आमच्याकडून वचनच घेतलं होतं.

रजनीची साडी त्या दिवशी कोरडी होती. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. सकाळी किनाऱ्यावर काय दिसतं? होड्या. होड्या कशाने चालतात? शिडाने. शीड कशाने फुगतं? वाऱ्याने. सगळा वर्ग हात वर करून नुसता उसळत होता. मग आला शेवटचा प्रश्न.

"पहाटे होड्या समुद्रात जातात, तेव्हा वारा कुठून कुठे वाहतो?"

वर्ग गप्प.

एक हात वर नाही. पोरं समोर बघतायत, ओठ घट्ट मिटलेले. इंदू तर खाली मान घालून बाकाच्या लाकडाकडे बघत होती. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच समाधान पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. आम्ही भिंतीला लागून एकमेकींचे हात धरले. फक्त एक वाक्य म्हणायचं होतं तिने. आज आपण याचाच अभ्यास करणार आहोत. झालं. टर्म ग्रँट.

रजनीने ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. ती वर्गाकडे बघत राहिली, एकेका पोराकडे. मला तिचा चेहरा दिसत होता आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण गो बाई, म्हणून टाक.

ती पुढे गेली, पहिल्या बाकाशी वाकली, आणि सगळी प्रमाण भाषा विसरून म्हणाली, "इंदू, तुझो बापूस रोज पहाटे जाता. तुका येता. उठ आणि सांग."

इंदू उठली. तिने आधी रजनीकडे पाहिलं, मग मागे वळून त्या दोन खुर्च्यांकडे, मग परत रजनीकडे. डोळ्यांत पाणी.

"येता बाई," ती म्हणाली. "सगळ्यांका येता. पण मी सांगलंय तर तुमची टर्म जातली."